डिलीट झालेली फाईल लगेच नाहीशी होत नाही

घरातल्या कॉम्प्युटरमध्ये काय काय ठेवले आहे, याची यादी आपण सहसा करत नाही. ती आठवते काहीतरी गेल्यावर. मुलीच्या निकाहचे फोटो, मरहूम अब्बांनी परदेशातून पाठवलेले आवाजाचे रेकॉर्डिंग, मुलाचा अर्धवट लिहिलेला कॉलेजचा प्रोजेक्ट, दुकानाची उधारी, मागच्या रमजानमध्ये केलेला जकातचा हिशेब, जमिनीच्या कागदांचे स्कॅन. पूर्वी या गोष्टी ट्रंकेत आणि कपाटात असत. आज त्या एका छोट्या डब्यात असतात आणि एका चुकीच्या बटणाने दिसेनाशा होतात.

दिव्य कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, आयत २८२) देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिलेला हिशेब हरवला, तर नुकसान केवळ आपले होत नाही. ज्याचे देणे आपल्याकडे आहे, त्याच्या हक्काचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून फाईल गेल्यावर काय करावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही.

डिलीट केल्यावर नेमके काय होते?

एखाद्या जाड पुस्तकाची अनुक्रमणिका डोळ्यांसमोर आणा. तिच्यातली एक ओळ खोडली, तरी तो धडा आतल्या पानांवर तसाच छापलेला असतो. फक्त तो कोणत्या पानावर आहे हे कळत नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाईल डिलीट केली की साधारण असेच होते. कॉम्प्युटर मजकूर पुसत बसत नाही. तो फक्त ‘ही जागा आता मोकळी आहे’ अशी नोंद करतो. त्या जागेवर नवे काही लिहिले जात नाही तोपर्यंत जुनी फाईल परत मिळण्याची आशा असते.

यातूनच पहिला आणि सर्वांत मोठा नियम निघतो: फाईल गेल्याचे लक्षात येताच कॉम्प्युटरचा वापर थांबवा. गाणी, व्हिडिओ, अपडेट, डाऊनलोड, सगळे थांबवा. इंटरनेटवर नुसते एखादे पान उघडले तरी कॉम्प्युटर डिस्कवर काही ना काही लिहीत असतो, आणि ते नेमके तुमच्या फाईलच्या जागेवर पडू शकते. मेमरी कार्डातले फोटो गेले असतील तर ते कार्ड लगेच कॅमेऱ्यातून किंवा मोबाईलमधून काढून ठेवा.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी ‘एसएसडी’ असते. ती वेगवान आहे, पण डिलीट केलेल्या फाईलची जागा ती स्वतःहून साफ करून टाकते. या क्रियेला ‘ट्रिम’ म्हणतात. ती झाल्यावर बहुतेक वेळा काहीच परत येत नाही. म्हणून नवा लॅपटॉप घेतला की निर्धास्त झालो असे समजू नये. त्याला जुन्यापेक्षा जास्त सांभाळावे लागते.

आधी पाहा, फाईल खरेच गेली आहे का?

पुष्कळदा फाईल गेलेली नसते, फक्त जागा बदललेली असते. घाबरून जाण्याआधी पुढील गोष्टी क्रमाने तपासा.

एक, नुकतेच डिलीट केले असेल तर कंट्रोल आणि झेड ही बटणे एकत्र दाबा. बऱ्याचदा शेवटची कृती मागे फिरते.

दोन, रीसायकल बिन उघडा. फाईल तिथे असेल तर तिच्यावर माऊसचे उजवे बटण दाबून ‘रिस्टोर’ म्हणा. शिफ्ट दाबून डिलीट केलेल्या किंवा पेन ड्राईव्हवरून डिलीट केलेल्या फाईली मात्र सहसा इथे येत नाहीत.

तीन, माऊसने ओढताना एखादा पूर्ण फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो. लहान मुले कॉम्प्युटरवर खेळून उठली की हे हमखास घडते. सर्चमध्ये फाईलच्या नावातला एखादा शब्द टाकून शोधा.

चार, ‘वनड्राईव्ह’ चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर त्याच्या आत हललेले असू शकतात. डेस्कटॉप अचानक रिकामा दिसला तर तिथे पाहा. वनड्राईव्ह आणि गूगल ड्राईव्ह या दोन्हींना स्वतःची कचरापेटी आहे आणि घरगुती खात्यांत डिलीट केलेली फाईल तिथे ३० दिवस राहते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो.

पाच, वर्डमध्ये लिहिताना वीज गेली आणि मजकूर सेव्ह केलेला नव्हता, तर वर्ड उघडून फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ येथे जा. कित्येक विद्यार्थ्यांची रात्रभराची मेहनत तिथे सापडते.

सहा, पेन ड्राईव्हमध्ये सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर तो बहुधा व्हायरसचा खेळ असतो. अशा वेळी मूळ फाईली आतच असतात, फक्त लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरस चालवा, मग ‘हिडन आयटेम्स’ दाखवण्याचा पर्याय चालू करा.

सात, विंडोज नव्याने टाकले पण डिस्क फॉरमॅट केली नव्हती, तर सी ड्राईव्हमध्ये ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा फोल्डर शोधा. जुन्या फाईली त्यात असतात. पण घाई करा, साधारण १० दिवसांनी विंडोज तो आपोआप काढून टाकते.

घरच्या घरी करता येणारा उपाय

यातले काहीच कामी आले नाही, तर फाईल परत मिळवणारे सॉफ्टवेअर वापरावे लागते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘विंडोज फाईल रिकव्हरी’ हे मोफत साधन दिले. ते आज्ञा टाईप करून चालवावे लागते, त्यामुळे घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीची मदत घ्या. ‘रेकुवा’ वापरायला सोपे आहे. ‘फोटोरेक’ हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर फोटोंसाठी आणि मेमरी कार्डांसाठी विशेष उपयोगी आहे. ते बिघडलेल्या कार्डावरूनही पुष्कळदा फोटो काढून देते. मात्र फाईलींची मूळ नावे परत येत नाहीत, म्हणून नंतर बसून एकेक फोटो ओळखावा लागतो.

इथे दोन गोष्टी गाठीशी बांधा. ज्या ड्राईव्हवरची फाईल गेली, त्याच ड्राईव्हवर हे सॉफ्टवेअर टाकू नका. आणि सापडलेल्या फाईली त्याच ड्राईव्हवर सेव्ह करू नका. दोन्हींसाठी वेगळा पेन ड्राईव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क वापरा. अनेक घरांत फाईली जातात त्या डिलीट केल्यामुळे नव्हे, तर नंतरच्या घाईमुळे. मुलगा मदत करायला बसतो, एकामागून एक चार सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवतो आणि आईच्या फोटोंची जागा त्या सॉफ्टवेअरनेच भरून जाते.

हे मुळीच करू नका

पेन ड्राईव्ह लावल्यावर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर ‘कॅन्सल’ म्हणा.

हार्ड डिस्कमधून टिक-टिक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर ताबडतोब बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. आतले वाचणारे टोक चकतीला घासत असेल, तर प्रत्येक प्रयत्नात थोडा मजकूर कायमचा नष्ट होतो. अशा वेळी कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा किंवा स्क्रू काढून उघडून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उघड्या डिस्कवर बसलेला धुळीचा एक कणही ती खराब करू शकतो. हे काम धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेचे आहे. तिचा खर्च हजारोंच्या घरात जातो, म्हणून आधी लेखी अंदाज मागा आणि ‘काहीच मिळाले नाही तर किती पैसे द्यायचे’ हे स्पष्ट विचारा.

कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हाती देताना

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळू. दुरुस्तीसाठी कॉम्प्युटर दिला म्हणजे घराचा दरवाजाच उघडून दिला. त्यात घरातल्या महिलांचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात, कुटुंबातली खासगी पत्रे असतात. दुकानदार ओळखीचा असला, तरी शक्यतो समोर बसून काम करून घ्या. कोणता फोल्डर हवा तेवढेच सांगा. परत मिळालेल्या फाईली आपल्याच डिस्कवर घ्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर प्रत राहिलेली नाही याची खात्री करा. आपल्या समाजातली पुष्कळ तरुण मुले या व्यवसायात आहेत. त्यांनीही लक्षात ठेवावे की गिऱ्हाईकाची डिस्क ही अमानत आहे. गरजेपेक्षा जास्त उघडून पाहणे हीसुद्धा खयानत आहे.

याच ज्ञानाची दुसरी बाजूही आहे. डिलीट केलेले परत मिळते, म्हणजे ते दुसऱ्यालाही मिळू शकते. जुना कॉम्प्युटर, हार्ड डिस्क किंवा मेमरी कार्ड विकण्यापूर्वी, भंगारात देण्यापूर्वी नुसते डिलीट करणे पुरेसे नाही. विंडोजमधील ‘रिसेट धिस पीसी’ वापरताना ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करा. याला वेळ लागतो, पण त्या वेळात घराची अब्रू राखली जाते. बंद पडलेली हार्ड डिस्क तर विकूच नका, काढून घरी ठेवा किंवा फोडून टाका.

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. लॅपटॉप बिघडून डिस्क दुसरीकडे लावली, तर ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाते. ती मिळाली नाही, तर निष्णात माणूसही काही करू शकत नाही. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच पाहा आणि कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा.

फाईलींवर खंडणी

कधी सगळ्या फाईलींची नावे विचित्र होतात, एकही उघडत नाही आणि पडद्यावर पैसे भरण्याची मागणी येते. याला रॅन्समवेअर म्हणतात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील कॉम्प्युटर असेच अडवले होते. असे झाल्यास इंटरनेट लगेच तोडा, बाहेरची डिस्क लावलेली असेल तर काढा. पैसे भरू नका. पैसे देऊनही फाईली मिळतील याची हमी नसते. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात. भारतात सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. चोरून मिळवलेले सॉफ्टवेअर आणि फुकटच्या सिनेमांच्या साईट ही या आजाराची नेहमीची वाट आहे. म्हणून हराम-हलालचा विचार इथेही नुकसानीपासून वाचवतो.

जे पुन्हा मिळू शकते ते

स्कॅन गेले म्हणून मूळ कागद गेला असे नाही. सातबारा महाराष्ट्र शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीसह पुन्हा काढता येतो. अनेक सरकारी दाखले डिजिलॉकरमध्ये मिळतात. निकाहनाम्याची नोंद निकाह लावणाऱ्या काझींच्या दप्तरात पाहता येते. निकाहचे फोटो फोटोग्राफरकडे किंवा पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये असू शकतात, नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा विचारून पाहा. नानीच्या, चाचांच्या फोनमधून अशी कित्येक हरवलेली छायाचित्रे परत आली आहेत.

तीन प्रती, दोन प्रकार, एक घराबाहेर

जाणकार एक साधा नियम सांगतात: महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. आपल्याला हा विचार नवा नाही. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी कुरआनचे लेखन एकत्र केले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती करवून वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या. छातीत जतन होतेच, तरी कागदावरही जतन केले गेले, आणि तेही एकाच ठिकाणी नव्हे.

घरासाठी व्यवस्था अशी करता येईल: एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी गूगलच्या खात्यात (१५ जीबीपर्यंत मोफत) किंवा विवाहित बहिणीच्या घरी ठेवलेल्या पेन ड्राईव्हवर. बाहेरची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका, नाहीतर व्हायरस आणि विजेचा झटका दोन्हींना एकदमच गिळतील. आणि नुसते ‘सिंक’ म्हणजे बॅकअप नव्हे. इथे डिलीट केले की तिथेही डिलीट होते.

महिन्यातला एक दिवस ठरवा. चांद्र महिन्याचा पहिला जुमा लक्षात ठेवायला सोपा आहे. त्या दिवशी डिस्क लावा, प्रत घ्या, एक-दोन फाईली उघडून पाहा आणि डिस्क कपाटात ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते घरातल्या एखाद्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवा. पासवर्ड आणि उधारीची फाईल कुठे आहे, हे मात्र घरातल्या आणखी एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या. आपल्या पश्चात आपले देणे फेडणाऱ्याला ती फाईल सापडली पाहिजे.