देवगावच्या तहाचा धडा

देवगाव रंगारीचे नाव निघताच इतिहासाची आवड असलेल्या वाचकास १८०३ चा देवगावचा तह आठवावा, हे स्वाभाविक आहे. तो तह मात्र वऱ्हाडात, गाविलगडानजीकच्या देवगावी झाला. तथापि त्याची वाट आमच्या मराठवाड्यातूनच गेली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात जो निकाल लागला, त्याचे मोल पुढील तीन महिन्यांत वसूल करण्यात आले.

शिंदे व भोसले युद्धात उतरले ते मित्र म्हणून. जनरल आर्थर वेलस्लीने तह मात्र दोघांशी वेगवेगळा केला. २३ नोव्हेंबरची तहकुबी केवळ शिंद्यांशी होती. भोसले तिच्याबाहेर राहिले. सहाच दिवसांनी अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावी तह पत्करला. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावी शिंद्यांची पाळी आली. या युद्धात तटस्थ राहिलेल्या होळकरांनाही १८०५ च्या डिसेंबरात एकट्यानेच तह करावा लागला.

देवगावच्या कलमांतील हिशेब पाहण्याजोगा आहे. कंपनीने कटक प्रांत स्वतःकडे घेतला व बंगाल आणि मद्रास यांमधील किनारा जोडून टाकला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाच्या पदरात पडला. शिवाय भोसल्यांचा निजामाशी वा पेशव्यांशी तंटा उद्भवल्यास निवाडा कंपनीने करावा, असे ठरले. तंट्याचे बीज पेरावयाचे आणि न्यायासनही आपणच बळकवावयाचे, ही त्या तहाची खरी कमाई होय.

याची उलट बाजू युरोपात दिसली. १८१४-१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत पराभूत फ्रान्सचा प्रतिनिधी तालेराँ याने जेत्यांमधील बेबनाव हेरला आणि ३ जानेवारी १८१५ रोजी इंग्लंड व ऑस्ट्रिया यांच्याशी गुप्त करार साधला. पुढच्याच महिन्यात हाच वेलस्ली, वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून, त्या परिषदेत दाखल झाला.

तात्पर्य, तहाच्या बैठकीत ज्याचे मित्र आधी फुटतात, त्याच्या पदरी निमूटपणे सही करणेच उरते. आमच्या सरदारांना हे उमगले नाही असे नव्हे. परस्परांवर विश्वास टाकणे त्यांना जमले नाही. दुहीची ही किंमत आम्ही एकदा मोजली आहे. तिचा विसर पडू देणे परवडणारे नाही.