खड्डा पडण्यापूर्वी

रस्ता धडधाकट दिसत असता त्यावर पुन्हा डांबर कशासाठी, असा प्रश्न नागरिक नेहमी विचारतात. खड्डा पडला की दोष पावसाला दिला जातो. वस्तुतः त्याची सुरुवात कित्येक उन्हाळे अगोदर झालेली असते. ऊन व हवा यांमुळे डांबराचा चिकटपणा कमी होतो, ते ठिसूळ बनते आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी खडीच्या थरात उतरते. पाया मऊ पडला की चाकांखाली वरचा थर खचतो व उखडतो. मग केवळ थर नव्हे, पायाच नव्याने भरावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

म्हणून पाया शाबूत असतानाच, कोरड्या हवेत, नवा थर देतात. गरम मिश्रण निवण्यापूर्वी त्यावर रोलर फिरणे अगत्याचे असते. मात्र जुना थर खरवडून न काढता थरावर थर चढविल्यास रस्ता उंच होतो व पाणी लगतच्या घरांत शिरते. ही तक्रार रास्तच आहे.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली 'रेकॉन्डो' कंपनीने दहा वर्षांच्या हमीने बांधला. मुदत उलटल्यावरही तो अनेक वर्षे टिकला. असा रस्ता विरळाच. एरवी नव्या डांबरावर महिन्याभरातच जलवाहिनीसाठी वा केबलसाठी चर खणला जातो आणि चराच्या कडेने पाण्याला आयती वाट मिळते. खोदाईची कामे आधी उरकून मगच डांबरीकरण हाती घेतले, तर नवा थर आपले आयुष्य पुरे करू शकतो.