ह्यांच्यासाठी 'मगरीचा' पट्टा घेताना

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, पोत बोटांत चोळून बघतो, दुकानदाराला दहा घड्या मोडायला लावतो. पण घरातल्या पुरुषमंडळींसाठी कमरेचा पट्टा घ्यायचा झाला, की काळा हवा की तपकिरी एवढंच ठरवून आपण मोकळ्या होतो. मग दिवाळसणाला जावयासाठी काहीतरी 'खास' शोधताना दुकानदार एक खवल्याखवल्यांचा, चमकदार पट्टा पुढं करतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "अस्सल मगरीचं कातडं आहे ताई, हातशिलाईचं!"

अशा वेळी पर्स उघडण्याआधी जरा थांबा.

आपल्याकडच्या दुकानांतला असा पट्टा बहुतेक वेळा गाईच्या, म्हशीच्या किंवा बकरीच्या कातड्याचा असतो. तापवलेल्या धातूच्या ठशाखाली दाबून त्यावर मगरीची नक्षी उठवलेली असते. ह्यालाच व्यापारी 'क्रोको प्रिंट' म्हणतात. ह्यात वाईट काहीच नाही. धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत असा माल उघडपणे, प्रिंट म्हणूनच मिळतो आणि दिसतोही झकास. वाईट आहे ते प्रिंटला अस्सल म्हणून दाम लावणं.

ओळखायचं कसं? पट्टा उजेडात लांब धरा. ठशाची नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा जशीच्या तशी येते, आपल्या छापील वॉयलच्या बुट्टीसारखी. खऱ्या कातड्यावर दोन खवले कधी हुबेहूब नसतात. पोटाकडचे चौकोनी, बाजूचे गोलसर होत जातात. मगरीच्या खवल्यावर कडेजवळ सुईनं टोचल्यासारखा बारीक ठिपका असतो. तिथं तिचं पाण्यातली हालचाल जाणणारं इंद्रिय असतं. अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरच्या अंगाच्या खवल्यांवर तो नसतो. शहामृगाच्या कातड्यावर पिसं उपटल्या जागी उंचवटे दिसतात, तेही कमीजास्त. अजगराच्या कातड्यावर उलट्या बाजूनं बोट फिरवलं, तर खवल्यांच्या कडा बोटाला लागतात.

आणि समजा, पट्टा खरोखरच अस्सल निघाला तर? तर मग तो मुळीच घेऊ नका! मगर आणि अजगर ह्यांना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पूर्ण संरक्षण आहे. ह्या कायद्याखाली तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, आणि विकत घेणाराही 'मला काय ठाऊक' म्हणून सुटत नाही. सांगलीकडच्या मैत्रिणींना कृष्णेतली मगर नवी नाही. चिपळूणला तर पावसाळ्यात वाशिष्ठीतली मगर कधीकधी रस्त्यावरही येते. ती आज दिसते, ती ह्या कायद्यामुळं आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या मगर संवर्धन प्रकल्पासारख्या प्रयत्नांमुळं. जावयाच्या कमरेसाठी ते पुसायचं काही कारण नाही.

परदेशातली गोष्ट थोडी निराळी आहे, तीही सांगायला हवी. अमेरिकेत लुईझियाना राज्यात अ‍ॅलिगेटर रीतसर पाळले जातात. दलदलीच्या मालकांना त्यांच्या अंड्यांचे पैसे मिळतात, म्हणून ते दलदल बुजवत नाहीत. १९६७ मध्ये संकटात म्हणून नोंदलेला हा प्राणी १९८७ मध्ये त्या यादीतून बाहेर आला. दक्षिण आफ्रिकेत शहामृगं पाळतात. तेव्हा तिकडचा प्रत्येक पट्टा म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. पण तिकडून येणाऱ्या भाच्याला 'येताना एक मगरीचा पट्टा आण' असं सांगू नका. १९७५ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय करारामुळं अशा वस्तू देशाबाहेर न्यायला परवाने लागतात, आणि भारत १९७६ पासून त्या कराराचा सभासद आहे. कागद नसले तर विमानतळावर पट्टाही जाईल आणि वर मनस्ताप. जुन्या ट्रंकेत आजोबांच्या वेळचा एखादा पट्टा निघालाच, तर विकायच्या फंदात न पडता वन खात्याच्या कार्यालयात विचारा.

सापाच्या कातड्याचीही एक हकिकत सांगते. तमिळनाडूतले इरुळा लोक साप पकडण्यात मोठे तरबेज. एके काळी ते कातडीवाल्या व्यापाऱ्यांसाठी साप पकडत. कायद्यानं तो धंदा बंद झाल्यावर पोटाचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली. आता ते साप पकडतात, त्याचं विष काढून घेतात आणि त्याला पुन्हा सोडून देतात. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध तयार होतं. तोच माणूस, तोच साप. पण आता सापाचा जीव जात नाही आणि शेतात दंश झालेल्याचा वाचतो.

मग खास भेट द्यायची कशी? 'हातशिलाई' ह्या शब्दाकडे नीट बघा, खरी किंमत तिथं आहे. चांगला कारागीर एकाच मेणलावल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवतो आणि आरीनं पाडलेल्या प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घालतो. असा एखादा टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशिनची शिलाई तुटली की उसवत जाते. मागची बाजू बघायला विसरू नका. हाताचे टाके दोन्हीकडून सुबक दिसतात, किंचित तिरपे. कड घासून गुळगुळीत केलेली हवी. कडेला पुठ्ठ्यासारखे थर दिसले, तर ते चामड्याचा चुरा डिंकानं चिकटवलेलं समजा. वर्ष-दोन वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. बक्कल स्क्रूनं बसवलेलं असेल तर उत्तम, बदलता येतं. साध्या म्हशीच्या चामड्याचा असा पट्टा 'मगरी'च्या प्रिंटपेक्षा मला तरी कैक पटींनी देखणा वाटतो. मेहनतीचे दाम मात्र घासाघीस न करता द्या.

ऑफिसच्या, समारंभाच्या कपड्यांवर सव्वा इंच रुंदी शोभते. दीड इंची पट्टा जीनवर. माप पँटच्या आकड्यावरून घेऊ नका. त्यांचा रोजचा पट्टा गुपचूप काढून बकलाच्या मुळापासून वापरातल्या भोकापर्यंत टेप लावा. नव्या पट्ट्याचं मधलं, म्हणजे पाचांतलं तिसरं भोक तेवढ्याच अंतरावर हवं. पुढं पोट सुटलं किंवा उतरलं, तरी दोन्हीकडे दोन दोन भोकं हाताशी राहतात!

पावसाळ्यात पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. बकलाला धरून कपाटात टांगा. भिजला तर सावलीत वाळवा. शेगडीजवळ किंवा उन्हात कातडं तडकतं. खोबरेल तेलाचा मोह टाळा, डाग पडतात. आणि नवं भोक पाडायचं झालं, तर घरातला खिळा आणि हातोडी न घेता पट्टा कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडे न्या. त्याच्याकडे भोक पाडायचा पंच असतो, पाच मिनिटांत काम होतं.