हात पसरणाऱ्याचे भाषणस्वातंत्र्य

भिकाऱ्याला भाकरी हवी असते. भाषणस्वातंत्र्य घेऊन त्याला काय करावयाचे आहे, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु अमेरिकेतील नगरपालिका आणि तेथील न्यायालये यांच्यात याच प्रश्नावरून गेली कित्येक दशके झगडा चालू आहे. रस्त्यावर भीक मागण्यास बंदी करणारे नियम तेथे एकामागून एक रद्द होत आले आहेत, आणि ते दयेच्या नव्हे तर भाषणस्वातंत्र्याच्या आधारावर. हे कसे घडले आणि त्यातून काय घ्यावे, एवढेच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम नगरपालिकांची बाजू पाहू. दुकानदार म्हणतात, दारात याचक उभे राहिले की गिऱ्हाईक फिरकत नाही. बँकेतून पैसे काढून बाहेर पडणाऱ्याला पुढे आलेल्या हाताची भीती वाटते. चौकातील दुभाजकावर उभा राहून मोटारींशी बोलणारा माणस स्वतःचा आणि इतरांचाही जीव धोक्यात घालतो. या तक्रारी खोट्या आहेत असे कोणी म्हणू नये.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ सालच्या पहिल्या दुरुस्तीने सरकारला भाषणस्वातंत्र्याचा संकोच करण्यास मनाई केली आहे. याचा अर्थ वाटेल तेथे, वाटेल तसे बोलावे असा नव्हे. वेळ, जागा आणि रीत यांचे नियमन नगरपालिकेला करता येते. मध्यरात्री कोणीच ध्वनिक्षेपक लावू नये, हा नियम चालेल. परंतु प्रचारसभेचा ध्वनिक्षेपक चालेल, निषेधसभेचा चालणार नाही, असे म्हटले की नियम मजकुराकडे बोट दाखवू लागतो, आणि तेथे न्यायालयाची परीक्षा अतिशय कडक होते.

मागणे हे बोलणे आहे काय, हा यापुढचा प्रश्न. इलिनॉय राज्यातील शॉमबर्ग या गावाने घरोघर वा रस्त्यावर वर्गणी मागणाऱ्या संस्थांवर अट घातली होती, की जमेतील किमान ७५ टक्के रक्कम प्रत्यक्ष धर्मादाय कामावर खर्च झाली पाहिजे. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. मदतीची मागणी आणि त्यामागचा विचार एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की एक दाबला की दुसराही दबतो, असा त्या निकालाचा आशय होता. पण संस्थेला जे मिळाले ते एकट्यादुकट्या भिकाऱ्याला मिळावे काय? न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेतील भीकबंदी अपील न्यायालयाने १९९० मध्ये उचलून धरली. त्याच न्यायालयाने १९९३ मध्ये मात्र शहराच्या रस्त्यांवरील भीकबंदी घटनाबाह्य ठरविली. स्वतःसाठी मागणारा माणूसही आपल्या दैन्याची हकीकतच सांगत असतो, हे त्याने मान्य केले.

खरे वळण आले २०१५ मध्ये, आणि तेही भिकाऱ्यांमुळे नव्हे. ॲरिझोनातील गिल्बर्ट या गावी स्वतःची इमारत नसलेली एक लहानशी ख्रिस्ती मंडळी उपासनेची जागा दाखविणाऱ्या पाट्या लावीत असे. गावच्या नियमांत वैचारिक पाटीला २० चौरस फूट मुभा होती, पण रस्ता दाखविणाऱ्या पाटीला केवळ ६. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की मजकूर वाचून पाटीला वेगळा नियम लावणे म्हणजे मजकुरावरच बंधन घालणे होय. मग हेतू कितीही निष्पाप असो.

या निर्णयाचा पहिला फायदा मिळाला तो इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डच्या याचकांना. शहराच्या दोन टक्क्यांहूनही कमी असलेल्या, पण मुख्य बाजारपेठेच्या व कचेऱ्यांच्या भागात तेथे भीकबंदी होती. तिची व्याख्या पाहण्यासारखी आहे. तत्काळ पैसे द्या असे तोंडाने मागणे तेवढे वर्ज्य होते. हाती पाटी धरणे किंवा पुढे कधीतरी देणगी पाठवा म्हणणे चालत असे. ‘मला मत द्या’ म्हणणारा निर्धास्त, ‘मला डॉलर द्या’ म्हणणारा दंडास पात्र! अपील न्यायालयाने २०१४ मध्ये हा पोटनियम वैध ठरविला होता. गिल्बर्टच्या निकालानंतर त्याने आपलाच निर्णय फिरविला.

दुभाजकांचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण तेथे धोका खरा असतो. मेन राज्यातील पोर्टलंडने २०१३ मध्ये शहरातील दुभाजकांवर थांबण्यास सर्वांनाच बंदी केली. नियम वरकरणी निःपक्षपाती होता, पण त्याविरुद्ध भीक मागणारी बाई आणि राजकीय फलक धरून उभे राहणारे निदर्शक एकत्रच न्यायालयात गेले. धोक्याच्या तेवढ्या जागा वा कृती न निवडता सगळ्याच दुभाजकांवरचे बोलणे बंद केल्यामुळे २०१५ मध्ये तो नियम पडला. याउलट यूटा राज्यातील सँडी शहराने फरसबंदी नसलेल्या किंवा ३६ इंचांहून अरुंद अशा दुभाजकांपुरतीच बंदी केली. ती २०१९ मध्ये टिकली. नियमाला धोक्याच्या मापाने कापले पाहिजे, हाच या दोन निकालांतील फरक होय.

वाद मिटला आहे असे मात्र नाही. जाहिरातफलकांच्या एका खटल्यात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मजकूर वाचावा लागतो एवढ्यावरून नियम सदोष ठरत नाही. त्यामुळे नगरपालिकांना थोडी जागा मिळाली. धमकावणे, वाट अडविणे, अंगाला हात लावणे या कृत्यांवर तर बंदी घालण्यास त्यांना कधीच अडचण नव्हती.

आपल्याकडे काय आहे? १९५९ च्या मुंबई भीक-प्रतिबंधक कायद्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्या निमित्ताने भिक्षा घेणेही ‘भीक’ ठरते, आणि पहिल्याच वेळी किमान एक वर्ष संस्थेत स्थानबद्धता होऊ शकते. या व्याख्येत पहाटेचा वासुदेव बसेल की नाही, याचा विचार वाचकांनीच करावा. हा कायदा दिल्लीलाही लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील मुख्य कलमे समता आणि जीविताच्या हक्कांवर रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता. पुढच्याच वर्षी जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने तेथील भीकबंदीचा कायदा रद्द करताना भाषणस्वातंत्र्याचाही आधार घेतला.

खटला जिंकून कोणाचे पोट भरत नाही, हे खरे. निवारा, औषध आणि काम यांची सोय न्यायालय करू शकत नाही; ते नगरपालिकेचे आणि समाजाचे काम आहे. पण ते काम केव्हा होईल? दैन्य दिसेल आणि त्याचा आवाज कानी येईल, तेव्हाच. याचकाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क प्रत्येक वाटसरूला आहे. मात्र आपल्याला ‘नाही’ म्हणावे लागू नये म्हणून त्याचे तोंड बंद करण्याचा हक्क, आमच्या मते, कोणत्याही शहराला नाही.