मोठा मासा पुन्हा पाण्यात

‘मासा पकडायचा आणि सोडून द्यायचा? मग पकडायचाच कशाला?’ फ्लाय फिशिंगविषयी बोलायला लागलो की कुणीतरी हमखास असं विचारतं. प्रश्न रास्त आहे. मासा म्हटलं की आपल्याला आधी कालवण आठवतं.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं अमेरिकेत, टेक्सासमध्ये होतो. तिथल्या दक्षिण किनाऱ्याला लगुना माद्रे नावाची लांबलचक खाडी आहे. एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला पाद्रे बेट आणि मधे सरासरी मीटरभरच खोल पाणी. नद्यांचं पाणी फारसं येत नाही आणि ऊन कडक, त्यामुळे ही खाडी समुद्राहूनही खारट. तळाशी गवत, गवतात कोळंबी आणि खेकडे, आणि त्यांच्या मागावर रेडफिश.

हा मासा तांब्याच्या रंगाचा असतो. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. आपल्या घोळ माशाच्या कुळातलाच हा. याचा नर पोटातल्या हवेच्या पिशवीलगतचे स्नायू थरथरवतो आणि ढोलासारखा आवाज काढतो. म्हणून त्याचं दुसरं इंग्रजी नाव ‘रेड ड्रम’. घोळीची हीच पिशवी आपल्याकडे ‘बोत’ म्हणून महागात विकली जाते.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले शरदाचे दिवस. भरती एरवीपेक्षा जास्त चढते, काठाच्या गवतातही पाणी शिरतं. उत्तरेकडून पहिले गार वारे येतात आणि कोळंबी खाडीतून समुद्राकडे निघते. मग रेडफिश अगदी गुडघाभर पाण्यात येतो. डोकं खाली घालून तळ उकरू लागला की त्याची शेपटी पाण्याबाहेर येते आणि उन्हात चमकते.

ती शेपटी शोधत पाण्यातून हळूहळू चालायचं. पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. वाळूत पाकट बसलेलं असलं, तर ते आधीच निघून जातं. नाहीतर त्याचा काटा पायात शिरलाच म्हणून समजा. हातात नऊ फुटांची लवचीक काठी. साध्या गळाला शिसं बांधतात आणि त्याच्या वजनानं दोरी लांब जाते. इथं पिसं आणि केस गुंडाळून केलेल्या नकली कोळंबीला वजन जवळपास नसतंच. वजन दोरीला असतं. ती मागे-पुढे झुलवत माशाच्या पुढ्यात हातभर अंतरावर अलगद टाकायची. डोक्यावर पडली तर मासा पळालाच.

हा मासा एकेकाळी संपत आला होता. जाळ्यांनी खाडी उपसली जात होती, म्हणून 1981 मध्ये टेक्सासनं तिथं पकडलेला रेडफिश विकायला बंदी केली. त्याच सुमारास न्यू ऑर्लिन्सचे आचारी पॉल प्रुडोम यांनी मसाला लावून तापल्या तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला. देशभरातून मागणी आली आणि मोठ्या बोटी खोल समुद्रातली अंडी घालणारी मोठी मासळी उचलू लागल्या. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारला तिथली मासेमारीच थांबवावी लागली. टेक्सासनं पिल्लं वाढवून खाडीत सोडायला सुरुवात केली.

आजचा नियम असा : 20 इंचांहून लहान मासा सोडायचा, 28 इंचांहून मोठाही सोडायचा. मधल्या मापाचे दिवसाला तीन ठेवता येतात. मोठा मासा ठेवायचा तर परवान्याबरोबर मिळालेली चिठ्ठी त्याला बांधावी लागते, आणि अशी चिठ्ठी वर्षाला एखाददुसरीच. कारण साधं आहे. तीन ते पाच वर्षांचा झाला की रेडफिश खाडी सोडून समुद्रात जातो आणि पुढं चाळीस वर्षंही जगू शकतो. मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. शरदातच खाडीच्या मुखांशी ही वीण होते आणि भरतीबरोबर पिल्लं गवतात येतात.

महाराष्ट्रानंही 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान माप ठरवलं. लहान मासा वाचलाच पाहिजे. पण मोठी मादीही वाचली, तर पुढच्या कितीतरी हंगामांची सोय होते, हे मला तिथं कळलं.

सोडतानाही रीत असते. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्यानं दाबून ठेवायचा, माशाला ओल्या हातानं धरायचं आणि तो स्वतःहून निघेपर्यंत पाण्यातच आधार द्यायचा. आणि मधल्या मापाचा मिळाला, तर कालवण करायला कुणाची ना नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)