द्राक्षवेलीची पाठशाळा

मद्य ही महाविद्यालयात शिकविण्याची वस्तू आहे काय, असा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारला, तर ऐकणाऱ्याच्या ओठांवर प्रथम हसू उमटते आणि पाठोपाठ कपाळावर आठी. पिणाऱ्याला शिकवावे लागत नाही आणि न पिणाऱ्याला शिकायचे नसते; मग द्राक्षांची लागवड आणि वाइननिर्मिती यांच्या पदव्या देण्याचे प्रयोजन काय, असे बहुतेकांना वाटते. ही शंका स्वाभाविक असली, तरी ती चुकीच्या जागी उभी राहून विचारलेली आहे. वाइनचा विषय पेल्यापाशी सुरू होत नाही. तो सुरू होतो शेतात, खुंटावर बांधलेल्या कलमापाशी, छाटणीच्या कात्रीपाशी आणि कर्ज काढून बाग उभी करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी. त्या शेतकऱ्याला चुकीचा सल्ला मिळाला, तर त्याची किंमत पिणारा मोजत नाही, शेतकरी मोजतो. म्हणून या शिक्षणाचा विचार नीतीच्या चर्चेपुरता न ठेवता शेतीच्या आणि शास्त्राच्या अंगाने करावयास हवा.

द्राक्षाचे पीक वर्षातून एकदाच हाती येते. मातीचे मडके बिघडले तर कुंभार दुपारपर्यंत दुसरे घडवू शकतो. वाइन करणाऱ्याचा एक हंगाम फसला, तर चूक सुधारण्यासाठी त्याला पुरते वर्ष थांबावे लागते. चाळीस वर्षे हा व्यवसाय केलेल्या माणसाने आयुष्यात चाळीसच वेळा वाइन केलेली असते. इतक्या तोकड्या अनुभवावर एखाद्याने कितीही कौशल्य मिळविले, तरी ते त्याच्याबरोबरच संपावयाचे. शेकडो बागांचे आणि अनेक हंगामांचे अनुभव एकत्र नोंदवून, पडताळून, पुढच्या पिढीच्या हाती देणारी संस्था म्हणूनच या धंद्याला इतर धंद्यांहून अधिक लागते. युरोपात अशा शाळा हौसेने निघाल्या नाहीत. लुई पाश्चरने वाइनच्या रोगांवरील आपला ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध केला, तो वाइन आंबट होऊन व्यापार बुडत होता म्हणून. पुढे दोनच वर्षांनी, १८६८ मध्ये, दक्षिण फ्रान्समधील मरणाऱ्या वेलींच्या मुळांवर माँपेलिएचे प्राध्यापक प्लांशाँ आणि त्यांचे सहकारी यांना एक अतिसूक्ष्म पिवळसर कीटक आढळला. अमेरिकेतून आलेल्या या फायलोक्सेराने युरोपातील बागांचा फडशा पाडला. त्यावर अखेर उपाय सापडला तो असा, की मुळे अमेरिकन वेलीची ठेवावयाची आणि तिच्यावर कलम युरोपीय वेलीचे करावयाचे. जर्मनीतील गाइसेनहाइमची शाळा १८७२ ची, इटलीतील कोनेल्यानोची १८७६ ची. या काळात अशा संस्था का उभ्या राहिल्या, हे यावरून उमगेल.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाची कथा मात्र थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण अशा शिक्षणाचे सामर्थ्य आणि त्याचा धोका, दोन्ही तिच्यात एकत्र दिसतात. १८८० मध्ये तेथील विधिमंडळाने कायदा करून द्राक्षशेतीचे संशोधन आणि अध्यापन हे विद्यापीठाचे कर्तव्य ठरविले. त्या कामाची धुरा युजीन हिल्गार्ड या मूळच्या जर्मन मृदाशास्त्रज्ञाने वाहिली. परंतु १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि ती १९३३ पर्यंत टिकली. या तेरा वर्षांत द्राक्षबागा नाहीशा झाल्या नाहीत. घरगुती रसासाठी मागणी होतीच. मात्र रेल्वेने दूरवर पाठविताना टिकतील अशा जाड सालीच्या वाणांनी उत्तम वाणांची जागा घेतली. जुने जाणते कारागीर पांगले. बंदी उठली तेव्हा कायदा परत आला, पण ज्ञान परत आले नव्हते.

ते ज्ञान पुन्हा जमविण्याचे काम डेव्हिस येथील विभागाने केले. मेनार्ड अमेरीन आणि अल्बर्ट विंकलर या दोघांनी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून नाना वाणांची द्राक्षे आणविली, प्रत्येकाची वेगळी वाइन लहान प्रमाणात केली, तिचे पृथक्करण केले आणि चव नोंदविली. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात ५० अंश फॅरनहाइटच्या वर किती उष्णता साठते, याची बेरीज मांडून त्यांनी राज्याचे पाच प्रदेश पाडले आणि कोणत्या प्रदेशात कोणता वाण लावावा, हे १९४४ मध्ये सांगितले. आज ही विभागणी ढोबळ वाटते. तरीही ज्या शेतकऱ्याने आजवर शेजाऱ्याचे पाहून वाण लावला होता, त्याच्या हाती प्रथमच एक मोजपट्टी आली. ती फ्रान्सच्या पुस्तकातून उतरविलेली नव्हती. आपल्याच भूमीची उष्णता मोजून तयार केलेली होती.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरील नावे झाकून चव घेतली आणि पांढऱ्या व तांबड्या अशा दोन्ही वाइनमध्ये कॅलिफोर्नियाला पहिला क्रमांक दिला. हे सर्व डेव्हिसच्या पदवीचे फळ, असे म्हणण्याचा मोह होईल, पण ते खरे नव्हे. विजयी पांढरी वाइन करणारे माइक गर्गिच हे क्रोएशियात जन्मलेले आणि झाग्रेबला शिकलेले. तांबडी वाइन करणारे वॉरेन विनियार्स्की हे पूर्वी शिकागोच्या विद्यापीठात अध्यापन करीत आणि हा धंदा ते इतरांच्या तळघरांत राबून शिकले. महाविद्यालय प्रतिभा देऊ शकत नाही. परंतु गावोगावच्या बागांना निरोगी रोपे, मोजमाप आणि शुद्ध किण्वनाची शिस्त मिळाली नसती, तर या प्रतिभेला राबविण्याजोगा कच्चा माल तरी कोठून मिळाला असता?

आता नाण्याची दुसरी बाजू. याच विद्यापीठाने शेतकऱ्यांना एएक्सआर-१ नावाचा खुंट लावण्याची शिफारस केली होती. त्यावर कलम सहज धरते, पीक भरघोस येते. पण या खुंटाच्या रक्तात निम्मा वाटा फायलोक्सेराला बळी पडणाऱ्या युरोपीय वेलीचा होता, आणि युरोपात व दक्षिण आफ्रिकेत तो पूर्वीच फसला होता. इशारे नव्हते असे नाही. आमच्याकडे तसे होत नाही, या समजुतीपुढे ते फिके पडले. १९८० च्या दशकात त्याच कीटकाचा अधिक प्रबळ प्रकार नापा आणि सोनोमा या खोऱ्यांत दिसून आला, आणि हजारो एकर बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. एका शेतकऱ्याची चूक त्याच्या कुंपणाशी थांबते. विद्यापीठाची चूक साऱ्या खोऱ्यात रुजते. ज्या संस्थेचा शब्द प्रमाण मानला जातो, तिने दूरवरच्या अपयशाची नोंद अधिक कसोशीने घेतली पाहिजे, हा धडा द्राक्षापुरता मर्यादित नाही.

अशा अभ्यासक्रमात शिकवितात तरी काय, हेही पाहू. माती आणि पाणी, वेलीची रचना व छाटणी, भुरी आणि केवडा यांसारखे रोग, रसातील साखर व आम्लता, यीस्टचे आणि जिवाणूंचे वर्तन, गंधकाच्या मात्रेचा हिशेब, टाक्यांची स्वच्छता. यात काव्य थोडे आणि धुणेपुसणे फार. राहिला प्रश्न चव घेण्याचा. कॅलिफोर्नियात एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीला मद्य देणे गुन्हा आहे. म्हणून २०१४ मध्ये तेथे खास कायदा झाला, की या विषयाच्या अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याने वर्गात वाइन तोंडात घ्यावी, पण गिळू नये. वर्गातील थुंकण्याचे भांडे हेच या शिक्षणाचे खरे बोधचिन्ह म्हणावे लागेल. मद्य हा तेथे उपभोग नसून परीक्षेचा विषय आहे, हे त्यावरून आपल्याकडील शंकेखोरांच्या ध्यानी यावे.

सातासमुद्रापलीकडची ही कथा गोमंतकीय वाचकाला सांगण्याचे कारण शेजारीच आहे. नाशिक, पुणे, सांगली या पट्ट्यातील वाइन गोव्याच्या दुकानांत आणि हॉटेलांत रोज विकली जाते, आणि ती करणारे आपले तरुण जी पुस्तके वाचतात ती बहुधा फ्रान्स-कॅलिफोर्नियाची. त्या पुस्तकांतील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि झोपेतच तिची छाटणी होते. नाशिकची वेल झोपतच नाही. म्हणून आमच्या शेतकऱ्याने तिला वर्षातून दोनदा कात्री लावण्याची रीत बसविली: उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी, जिच्यानंतरच्या काडीत घडांचे बीज धरते, आणि पावसाळा सरताना फळछाटणी, जिचे पीक जानेवारी ते मार्चमध्ये उतरते. युरोपात उन्हाळा सरत जातो तसे द्राक्ष पिकते. इथे थंडी संपून ऊन तापत जाते तसे. साखर झपाट्याने चढते, आम्लता घसरते आणि तोडणीचा दिवस चुकला तर सुधारणा नाही. खुंटाचेही तेच. तिकडे तो फायलोक्सेरासाठी लागला. महाराष्ट्रात डॉगरिजसारखा खुंट आला तो दुष्काळ आणि खारे पाणी सोसण्यासाठी. अवजार एकच, पण प्रश्न निराळा. हा फरक ज्याला शिकविलाच नाही, तो पदवीधर परदेशी पुस्तकाचा केवळ पाठांतर करणारा ठरेल.

मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथेच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यनिर्मितीच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण मिळते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने रोगाला दाद न देणारा आणि रसाला व वाइनला चालणारा एआरआय-५१६ हा संकरित वाण दिला. तेव्हा पाया नाही असे नव्हे. परंतु २००१ मध्ये महाराष्ट्राने वाइनधोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क योजिले, तेव्हा करसवलती आधी पोहोचल्या आणि शिकलेला माणूस मागून. भराभर कारखाने निघाले. शेतकऱ्यांनी खाण्याची द्राक्षे काढून वाइनचे वाण लावले, जे बाजारात दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत. २००८ च्या जागतिक मंदीत आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर मागणी आटली, तेव्हा घेणारा हात मागे सरला आणि अनेकांना तीन-चार वर्षे जोपासलेल्या वेली मुळासकट उपटाव्या लागल्या. मंदी महाविद्यालयाने टळली नसती, हे उघड आहे. पण किती लावावे, कोणासाठी लावावे, करारात काय लिहून घ्यावे, हे शेतकऱ्याला निष्पक्षपणे सांगणारा जाणकार तालुक्यात असता, तर घाव इतका खोल बसला नसता. कंपनीचा सल्लागार कंपनीचाच असतो.

आणखी एक बाब लहान दिसते, पण तशी नाही. डेव्हिसच्या अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या गंधांचे चक्र तयार केले, जेणेकरून ‘उत्तम’, ‘भारदस्त’ असल्या पोकळ विशेषणांऐवजी नेमके नाव घेता यावे. आपले विद्यार्थी त्या चक्रातील रासबेरी, ब्लॅकबेरी पाठ करतात. ती फळे त्यांनी कधी हुंगलेली नसतात. जांभूळ, करवंद, भिरंड, पिकला फणस, वळवाच्या सरीनंतरची माती यांचे गंध त्यांच्या नाकात बाळपणापासून बसलेले आहेत. त्यांच्या आधारे मराठीत असे चक्र का होऊ नये? ज्ञानाला आपले शब्द मिळत नाहीत तोवर ते अंगवळणी पडत नाही.

गोव्याच्या दमट हवेत आणि मुसळधार पावसात द्राक्षबागा होत नाहीत. ‘पोर्ट’ हे नाव आपल्याकडे सर्रास चालते, पण ज्या दोरू खोऱ्याचे ते नाव, त्याची सीमा पोर्तुगालने १७५६ मध्येच आखली. आपली ‘पोर्ट’ मुख्यतः परराज्यातील बंगलोर ब्लू द्राक्षांची. उसन्या नावापेक्षा आपली काजूफेणी थोर आहे, जिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभला आणि २०१६ मध्ये वारसा पेयाचा मान. तिचाही हंगाम वर्षातून एकदाच. निरो किती दिवस आंबवावा, भाणाखालचा जाळ कधी ओढावा, हुर्राक कोठे थांबवावा, हे सारे भट्टीवाल्याच्या नाकात आणि बोटांत आहे, वहीत नाही. त्याचा मुलगा भट्टीकडे पाठ फिरवून शहरात किंवा परदेशात गेला, की ते ज्ञान संपले. अमेरिकेत ज्ञानाचा धागा कायद्याने तोडला. आपल्याकडे तो उपेक्षेने तुटेल.

आम्ही मद्यपानाची भलामण करीत नाही. या व्यसनाने मोडलेली घरे गोव्यातही आहेत आणि त्यांचे दुःख कोणत्याही पदवीने हलके होत नाही. पण ज्या धंद्याला सरकार परवाना देते, ज्याच्यावर कर घेते आणि ज्याच्या भरवशावर शेतकरी कर्ज काढतो, तो धंदा अडाण्यांच्या आणि दलालांच्या हाती सोडणे ही नीती नव्हे. कृषी विद्यापीठांनी आणि गोवा विद्यापीठाने हा विषय उजळ माथ्याने हाती घ्यावा. विद्यार्थ्याला वर्गाइतकाच वेळ बागेत आणि भट्टीवर घालवावयास लावावा. आपल्या हवेची, मातीची आणि पाण्याची मोजदाद आपण करावी, चुकले तर ते छापून सांगावे, आणि सल्ला सर्वांत लहान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचवावा. एवढे होणार नसेल, तर भिंतीवर टांगण्याच्या आणखी एका पदवीची गरज कोणालाच नाही.