जुन्या घराचे स्वयंपाकघर

जुन्या घराचे स्वयंपाकघर दुरुस्त करायचे ठरले, की घरात पहिला शब्द ऐकू येतो तो 'फोडा'. ओटा फोडा, मोरी फोडा, मधली भिंत पाडून टाका. मला वाटते, आधी आठ दिवस काहीच फोडू नये. स्वयंपाकघरात बसावे आणि पाहावे. पाणी कुठे साचते, वाफ कुठे अडते, भिंत कुठे ओली लागते, स्वयंपाक करणारी बाई किती वेळा वाकते, हे वहीत टिपून ठेवावे. घरातल्या घरात, आपल्या हाताने काम करणार असाल, तर थापी आणि घमेल्याच्या आधी ही वही हवी.

मी बोलतो आहे ते साठ-ऐंशी वर्षांच्या घरांविषयी. तालुक्याच्या गावांतून अशी घरे अजून उभी आहेत. दगडाचा पाया, मातीत किंवा चुन्यात रचलेल्या दीड-दोन फूट रुंदीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि माळवद किंवा कौले. या घरांना आजच्यासारखा कॉलम-बीमचा सांगाडा नसतो. छताचे बरेचसे ओझे भिंतींवरच असते. त्यामुळे भिंत पाडणे, खिडकी मोठी करणे, तुळईला हात लावणे ही कामे हौसेची नव्हेत. तिथे इंजिनिअरला आणि जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या गवंड्याला बोलवावे. नळासाठी किंवा वायरसाठी खाच पाडायचीच असेल, तर ती उभी आणि उथळ असावी. आडवी लांब खाच भिंतीला कमजोर करते.

जुन्या भिंतीचे खरे दुखणे म्हणजे ओल. जमिनीतले पाणी दगड-विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसेच. भिंत मातीची किंवा चुन्याची असेल तर हे पाणी पृष्ठभागावर येऊन उडून जाते. आपण मात्र ओल झाकण्यासाठी वरून सिमेंटचा जाड गिलावा मारतो, त्यावर टाइल्स बसवतो. पाण्याची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढते, भिंतीत क्षार साठतात, लोणा लागतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे सुटतात. दोष भिंतीला दिला जातो.

'गिलावा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी. सिमेंट नव्हते तेव्हाचा हा शब्द आहे, आणि जुन्या भिंतीला काय मानवते ते त्यातच सांगितलेले आहे. मातीच्या भिंतीला मातीचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी; चुन्यात बांधलेल्या भिंतीला एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग स्वच्छ वाळू. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. म्हणून थर पातळ द्यावा, काही दिवस ओलसर राखावा, मगच दुसरा द्यावा. कळीचा चुना घरी विझवायच्या भानगडीत पडू नये. तो उकळतो आणि डोळ्यांत उडतो. विझवलेला चुना आणावा आणि तोही हातमोजे, चष्मा घालूनच हाताळावा. टाइल्स ओट्याच्या मागे आणि मोरीजवळ, पाणी उडते तेवढ्याच ठिकाणी असाव्यात. बाकी भिंत मोकळी राहू द्यावी.

आता ओटा. आमची आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची. तिच्या सुना उभ्याने करतात. बैठा स्वयंपाक उभा झाला, पण ओट्याची उंची किती असावी हे गवंड्याने ठरवले. तो पुरुष, आणि त्याला तिथे कधी पोळ्या लाटायच्या नव्हत्या. साधा हिशोब असा, की सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याची पातळी धरावी. पाच फूट उंचीच्या बाईला बत्तीस इंचांच्या आसपास ओटा सोयीचा पडतो. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, म्हणून तेवढा भाग थोडा खाली घेतला तर मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदा दुखत नाही. बांधण्यापूर्वी विटा रचून वर फळी टाकावी आणि जी रोज स्वयंपाक करते तिला दोन दिवस तिथे पोळ्या लाटू द्याव्यात. तिने उंची पसंत केली की मगच सिमेंट कालवावे.

ओट्याच्या दगडाचेही असेच. कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, कोकम सांडले की त्यांच्यावर डाग उठतात, कारण आम्ल चुनखडीला खाते. ग्रॅनाइटला ते होत नाही. पण जुना कडप्पा शाबूत असेल तर तो फेकू नये. घासून घेतला की मांडणीला उत्तम लागतो.

मोरीचा उतार फुटाला पाव इंच असावा. पाणसळीने तपासावा आणि शेवटी तांब्याभर पाणी ओतून पाहावा. निचऱ्याच्या नळीला पाणी साठून राहणारा बाक हवा. गटाराचा वास आणि झुरळे ते पाणीच अडवते.

गॅस आणि वीज यांत काटकसर नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा, जमिनीवर, शेगडीपेक्षा खाली ठेवावा. तो कपाटात असेल तर कपाटाला तळाशीही झरोके हवेत. रबरी नळी दीड मीटरहून लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. गळती वाटली तर बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. जुन्या घरांत पुष्कळदा अर्थिंग नसतेच. परवानाधारक वायरमनकडून ते करून घ्यावे, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. ओल्या हाताने मिक्सर लावणाऱ्या माणसाचा जीव त्याने वाचतो. ओट्यावर थेट पडेल असा दिवाही हवा. रमजानमध्ये सहरीसाठी उठणारी असो की दिवाळीच्या पहाटे उठणारी, बाईला स्वतःच्या सावलीत भाजी चिरावी लागू नये.

धुळीबद्दल एक सांगतो. छतावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ते स्वतः फोडू नयेत, कापू नयेत. जुना तेलरंग कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कायद्याने कडक मर्यादा आली ती २०१७ साली. त्याआधीचा रंग ओला करूनच खरवडावा आणि त्या वेळी मुलांना शेजारी पाठवावे. ग्रॅनाइटची धूळ फुप्फुसांत बसते, तेव्हा कापणाऱ्या कारागिराला पाणी आणि चांगला मास्क द्यायची जबाबदारी आपली.

कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी छताची गळती, मग निचरा, नळ आणि वायरिंग, मग गिलावा, फरशी, ओटा आणि सर्वांत शेवटी रंग. कोनाडे आणि फडताळे बुजवू नयेत. इतकी थंड आणि जागा न अडवणारी कपाटे विकत मिळत नाहीत. काम दिवाळी उलटल्यावर काढावे. पावसाळ्याची ओल तोवर उतरलेली असते आणि चुन्याला सुकायला सवड मिळते. तेवढे दोन महिने पडवीत शेगडी मांडावी आणि कुणी घाई करू लागले, तर त्याला भिंतीला हात लावून पाहायला सांगावे.